बर्फघरातल्या दैत्याचा पाढा

लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा चिन्मयच्या घरी गेले, तेव्हा दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये देव्हाऱ्याच्या शेजारी एक काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटातून बरेच चेहरे माझ्याकडे बघून किंचाळत होते. कुणाला डोळे नव्हते, कुणाला गरजेपेक्षा जास्त होते. एका बाईच्या तोंडातून झाड उगवलं होतं. माझी आई या भेटीसाठी खास पुण्याहून आली होती. तिनं सोफ्यावर टेकता टेकता मला कोपरानं ढोसलं. "केतकी, ही कोण माणसं गं?"

तेवढ्यात चिन्मयच्या आई पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या. माझ्या आईची नजर कपाटावर खिळलेली पाहून त्या एकदम उजळल्या.

"तुम्हालाही आवडतात?"

माझी आई शिष्टाचाराला पक्की. "हो, म्हणजे... छापलंय छान," ती म्हणाली. झालं! पोहे गार झाले, चहा दोनदा आला, आणि चिन्मयच्या आई भुतांच्या सिनेमांची एकेक डबी काढून सांगत राहिल्या. ही जपानी, हिच्यातली विहीर बघा. हा हंगेरीचा, यात आख्खं गाव झोपेत चालतं. हा स्पॅनिश, आजवर मिळत नव्हता, मागच्या महिन्यात कुठे रिस्टोअर झाला. लग्नाच्या बोलणीतलं एक अक्षरही त्या दिवशी झालं नाही. परतताना टॅक्सीत आई म्हणाली, "बाई भुतांची आहे, पण मनानं निर्मळ आहे. कर लग्न."

चंद्रप्रभा सबनीस हे माझ्या सासूबाईंचं नाव. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सहायक संचालक आहेत. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत टिकली, ऑफिसला कायम कडक इस्त्रीची सुती साडी. त्यांच्या सेक्शनमधल्या लोकांना त्या फाइलवर नजर टाकतात तेव्हा घाम फुटतो म्हणे. पण पडद्यावर एखाद्या पिशाच्चानं कबरीतून हात बाहेर काढला की याच बाई टाळ्या पिटतात आणि लहान मुलीसारख्या खिदळतात. घाबरत नाहीत. भीतीनं त्यांना गुदगुल्या होतात. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

हे वेड त्यांना दिल्लीनंच लावलं. साताऱ्याहून नोकरीला आल्या तेव्हा वय तेवीस, राहायला वर्किंग वूमेन्स हॉस्टेल, आणि जानेवारीची थंडी. अंगात स्वेटर एकच. कुणीतरी सांगितलं, परदेशी वकिलातींच्या सांस्कृतिक केंद्रांत संध्याकाळी फुकट सिनेमे दाखवतात आणि हॉलमध्ये हीटर असतो. त्या हीटरसाठी गेल्या. भाषा कळायची नाही, खाली इंग्रजी अक्षरं असली तर असायची, नाहीतर नाही. पहिलाच सिनेमा लागला तो भुताचा. "प्रेमाचा सिनेमा भाषा कळल्याशिवाय कळत नाही गं," त्या मला सांगतात. "ती का रडतेय, तो का निघून चाललाय, काय समजणार? पण दार आपोआप उघडलं, की ते सगळ्या जगाला समजतं."

पुढे लग्न झालं, चिन्मय झाला, बदल्या टळल्या, क्वार्टर बदलले, वेड तेच राहिलं. आधी धूसर कॅसेटी, मग घासून गुळगुळीत झालेल्या सीड्या, आणि आता या रिस्टोअर केलेल्या आवृत्त्या. कुठल्यातरी देशातली एखादी छोटी कंपनी एखादा विसरलेला सिनेमा शोधते. कुणाच्या तळघरातून मूळ फिल्म मिळवते, चित्रामागून चित्र घेऊन धूळ पुसते, ओरखडे बुजवते, रंग पूर्वीचे होते तसे परत आणते, आणि मग पुठ्ठ्याच्या देखण्या पेटीत ब्लू-रे काढते. थोड्याच प्रती. त्या संपायच्या आत सासूबाई ऑर्डर ठोकतात. या डिस्कना प्रत्येक खंडाचं वेगळं कुलूप असतं, आपल्याकडच्या प्लेअरवर सगळ्या चालत नाहीत. म्हणून चिन्मयच्या एका मित्राकरवी त्यांनी सगळी कुलुपं उघडणारा प्लेअर मागवला. त्याची दसऱ्याला झेंडूचं फूल वाहून पूजा होते.

सासरे, म्हणजे विलास सबनीस, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. ते पालीलाही घाबरतात. शनिवारी दुपारी हॉलचे पडदे ओढले गेले की बाबा मुकाट्यानं बाल्कनीत जातात आणि पाठ करून बसतात. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या आवडीचा एकही सिनेमा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कानांवर मात्र सगळे पडलेले.

मागच्या डिसेंबरात एक पार्सल आलं. जुन्या चेकोस्लोव्हाकियातला सिनेमा. त्याच्या नावाचं मराठी करायचं तर 'बर्फघरातला पाहुणा'. बिअरच्या जुन्या कारखान्याखाली बर्फ साठवायचं तळघर, तिथे दडलेला दैत्य, आणि वर मालकाच्या मुलीचं लग्न. हा सिनेमा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तरुणपणी एकदा पाहिला होता, तोही अशा प्रिंटवर, की दैत्य आणि मालकाची मुलगी यांत फरक करणं अवघड. आवाज म्हणजे नुसती खरखर. आता मूळ फिल्म सापडली होती, आणि विशेष म्हणजे आवाजाची मूळ टेपही. सोबतच्या बुकलेटात एका विद्वानानं भला मोठा लेख लिहिला होता. दैत्य शेवटी जे बोलतो, ते ख्रिस्तपूर्व काळातल्या कुठल्याशा लुप्त भाषेतलं आवाहन असावं, त्यातली लय यज्ञविधीची आहे, वगैरे. श्रेयनामावलीत दैत्याच्या भूमिकेपुढे नट म्हणून फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. त्या काळी गंमत म्हणून तसं दिलेलं.

चिन्मय आणि मी त्या शनिवारी नोएडाहून जेवायला आलो होतो. जेवणं झाली, पडदे ओढले, बाबा मटारची पिशवी घेऊन बाल्कनीत गेले. चित्र इतकं स्वच्छ, की बर्फाच्या लादीतला एकेक बुडबुडा दिसत होता. आई कौतुकानं च् च् करत होत्या. शेवटी तळघराचं दार उघडलं. गुडघ्यापर्यंत दाढी, डोक्याला शिंगं, अनवाणी पाय बर्फावर रोवलेले, असा तो दैत्य वळला आणि घुमणाऱ्या आवाजात बोलायला लागला.

मला ते सगळं 'घुर्र घुर्र' वाटलं. आईंचे डोळे चमकत होते. चिन्मय मोबाइल बघत होता.

बाल्कनीचं दार धाडकन उघडलं. हातात मटारची शेंग घेऊन बाबा उभे.

"अगं, तो पाढा म्हणतोय!"

"काय?"

"एकोणतीसचा! आणि चुकतोय!"

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. बाबांनी पडद्याकडे पाठ केली, डोळे गच्च मिटले आणि हुकूम सोडला, "मागे घे. परत लाव."

आईंनी परत लावलं. आणि या वेळी आम्ही ऐकलं. घशातून काढलेला भयाण आवाज, प्रत्येक शब्द ताणलेला, पण शंकाच नाही. "एकोऽणतीस पंचेऽ एकशे पंचेऽचाळीस... एकोऽणतीस सकऽ एकशे चौऱ्याऽहत्तर... एकोऽणतीस अठ्ठेऽ दोनशे चौऽतीस..."

"बत्तीस!" बाबा मिटल्या डोळ्यांनी ओरडले. "दोनशे बत्तीस, गाढवा!"

दैत्यानं काही दुरुस्ती केली नाही. पाढा संपवून त्यानं दोन्ही हात वर केले आणि पडद्यावरची नायिका बेशुद्ध पडली, कारण तो गरजला होता, "अरे पाय गोठले रेऽ! उतरवा कुणीतरी! वाडीच्या दत्ताऽ, सोडव रेऽ!"

त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला हसणं म्हणता येणार नाही. आई सोफ्यावरून घसरून सतरंजीवर आल्या, त्यांची टिकली गालावर गेली. चिन्मयला ठसका लागला. मटार घरभर झाले. बाबांना आपण नेमकं काय केलंय हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ते इतके खूश झाले, की चुकून पडद्याकडे बघून बसले आणि लगेच पुन्हा बाल्कनीत पळाले.

दुसऱ्याच दिवशी आईंनी कंपनीला ईमेल पाठवली. सरकारी शिरस्त्याप्रमाणे मुद्देसूद. दैत्याची भाषा मराठी असून मजकूर गणिताचा आहे, असं त्यात होतं. उत्तर फार सभ्य आलं. कळवल्याबद्दल आभार. यापूर्वी एका गृहस्थांनी ही तुर्की असल्याचं, आणि एका बाईंनी ही त्यांच्या मयत आजोबांची खासगी भाषा असल्याचं कळवलं आहे. आपल्याकडे काही पुरावा असल्यास स्वागत आहे.

"तुर्की!" आई स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन म्हणाल्या. "थांबा म्हणावं. माणूसच उभा करते."

"अहो आई, पन्नास वर्षं होऊन गेली," मी म्हटलं. "तो माणूस असेल का तरी?"

"असेल. एवढं जोरात ओरडणारा माणूस लवकर जात नाही."

मग बाबा आणि त्या रोज संध्याकाळी चहा घेताना तर्क लढवायला लागले. बाबांचं म्हणणं, वाडीचा दत्त म्हणजे नृसिंहवाडी, म्हणजे माणूस सांगली-कोल्हापूरकडचा. आईंचं म्हणणं, त्या काळात आपला माणूस तिकडे कशाला जाईल? सरकारी कारखान्यानं यंत्रं शिकायला पाठवला असेल तर. म्हणजे तो सरकारी नोकर. म्हणजे आपल्यातलाच! त्यांनी ऑफिसात, बाबांच्या निवृत्तांच्या ग्रुपवर, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर दैत्याचा आवाज टाकला. कुणी हात जोडलेले पाठवले, कुणी 'शुभ सकाळ' पाठवलं, आणि एकानं विचारलं, 'ताई, तब्येत बरी आहे ना?'

जानेवारीत संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जाते. काला अंबला, युद्धात पडलेल्यांना वंदन करायला. आई-बाबा दरवर्षी जातात, या वेळी मीही गेले. तिथे आईंनी मोबाइल पर्समधून काढलाही नाही. धुक्यात आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, फुलं वाहिली, कुणीतरी पोवाडा म्हटला. पण परतीच्या वाटेवर मुरथलला पराठे खायला बस थांबली, लोण्याचे गोळे ताटात पडले, मंडळी सैल झाली, आणि आई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"जरा ऐका हं सगळ्यांनी. हा आवाज कुणी ओळखतंय का?"

आणि ढाब्याच्या गोंगाटात तो दैत्य गरजायला लागला. शेजारच्या टेबलावरचे सरदारजी पराठा तोंडाशी धरून थांबले. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या यांचं घोरणं असंच होतं." कुणी म्हणालं मिक्सर बिघडलाय. इतक्यात आमच्याच बसमधल्या, हात धुवायला गेलेल्या एक बाई ओल्या हातांनीच आमच्या टेबलापाशी आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र विसरून राहिलेलं.

"हे परत लावा," त्या म्हणाल्या.

आईंनी परत लावलं. 'दोनशे चौतीस' आलं आणि त्या बाईंनी ओले हात तोंडावर धरले.

"हे आमचे अप्पा आहेत."

"काय सांगता!"

"अहो, मला त्यांनीच पाढे शिकवले. असंच, घुमवून घुमवून. आणि हे चौतीस! त्या चौतीसपायी मी शाळेत अंगठे धरून उभी राहिलेय. बाईंनी बत्तीस सांगितलं, तर घरी येऊन अप्पा म्हणायचे, तुमच्या बाईंना काय कळतंय?" मग एकदम भानावर येऊन त्यांनी विचारलं, "पण हे तुमच्याकडे कुठून आलं? अप्पा असे का ओरडतायत?"

आईंनी त्यांना कडकडून मिठी मारली. मधल्या मध्ये माझा पराठा उलटा पडला. सरदारजींनी टाळ्या वाजवल्या. काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालंय एवढं दिसत होतं.

त्या बाईंचं नाव उत्तरा मिरजे. नोएडात एका वृत्तवाहिनीत संपादक. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील तात्याराव, त्यांच्याकडेच असतात, गुडघ्यांमुळे पानिपतला आले नव्हते. तरुणपणी ते एका सरकारी यंत्र कारखान्यातून शिकायला चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात गेले होते, हे उत्तराला माहीत होतं. सिनेमाचं कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही प्लेअर, डिस्क आणि तिळाच्या वड्या घेऊन उत्तराच्या घरी पोचलो. बाबाही आले, दारापर्यंत का होईना. तात्याराव गॅलरीतल्या उन्हात माकडटोपी घालून बसले होते. पातळ अंगाचे, लांबुळक्या चेहऱ्याचे, आणि इतक्या मृदू आवाजाचे, की मला वाटलं पत्ता चुकला.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी चंद्रप्रभा सबनीस. तुमची जुनी चाहती."

"माझी?" त्यांनी मागे वळून पाहिलं.

"तुम्ही ब्रनोला असताना सिनेमात काम केलं होतंत ना?"

तात्यारावांनी टोपी काढली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तो झाला होता का सिनेमा? मला वाटलं, त्या लोकांनी माझी गंमत केली."

मग सगळं बाहेर आलं. हॉस्टेलमधला त्यांचा दोस्त स्टुडिओत दिवे लावायचा. एक दिवस ठरलेला नट आजारी पडला आणि दोस्तानं यांना उचलून नेलं, कारण उंची बरोबर होती. दिग्दर्शक म्हणाला, तुझ्या भाषेत काहीही म्हण, फक्त भयंकर वाटलं पाहिजे. "मला लहानपणी एकोणतीसच्या पाढ्याइतकं भयंकर काही वाटलेलं नव्हतं," तात्याराव म्हणाले. "गुरुजी छडी घेऊन उभे असायचे. मी तेच डोळ्यांसमोर आणलं. आणि पुढे थंडी सोसेना, म्हणून जे निघालं ते मनापासून निघालं." महिन्याभरात ते भारतात परतले. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, थापा मारू नका. मग पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

"उत्तरा, बघ," ते मुलीला म्हणाले. "तुझ्या आईला थापा वाटल्या होत्या."

"अप्पा, आधी सिनेमा बघू या."

ज्या माणसाला स्वतःचा सिनेमा पन्नास वर्षांनी पहिल्यांदा दिसतो, त्याच्याकडे बघावं की पडद्याकडे, हे मला कळत नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघितलं. तळघराचं दार उघडलं तसे ते पुढे सरकले. दैत्य वळला. दाढी, शिंगं, रंगवलेला चेहरा, त्यात ओळखीचं काही नव्हतं. तात्यारावांचा चेहरा हळूहळू पडायला लागला. "हा मी कशावरून?" ते पुटपुटले. आणि तेवढ्यात कॅमेरा खाली आला, बर्फावरच्या पायांवर. जुन्या प्रिंटमध्ये तिथे नुसता काळा डाग होता. आता एकेक नख दिसत होतं. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं होतं, पेरूच्या फांदीसारखं वाकडं.

"थांबवा!" तात्याराव ओरडले. दैत्याच्याच आवाजात. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्यांनी वाकून डावा मोजा काढला. गुडघा दुखत असून काढला. आम्ही सगळे त्या पायाभोवती जमलो. बोट जसंच्या तसं, अंगठ्यावर चढलेलं, पन्नास वर्षांत तसूभर न हललेलं.

"हे बोट माझंच!" तात्याराव म्हणाले, आणि हसता हसता त्यांची कवळी सुटली. उत्तरा हसत होती आणि रडतही होती. आईंनी त्यांच्या पायाचा फोटो काढला, मग पडद्यावरच्या पायाचा, आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावून तिथूनच कंपनीला पाठवले. खाली एकच ओळ लिहिली: 'पुरावा जोडला आहे.'

कंपनीचं उत्तर या वेळी सभ्य नव्हतं, त्यात नुसती उद्गारचिन्हं होती. तिथली प्रमुख बाई फोनवरच आली. नवीन आवृत्ती काढू, दैत्याच्या वाक्यांना सबटायटल देऊ, तात्यारावांची मुलाखत टाकू, आणि सबनीसबाईंनी भाषांतर करावं. बुकलेटातल्या विद्वानांनी आपला लेख मागे घेतला नाही, पण खाली एक टीप वाढवली. एकोणतीसच्या पाढ्याचाही एक विधी असू शकतो, असं त्यांचं मत पडलं.

मग भांडण झालं, ते मात्र खरंखुरं. सबटायटल लिहायला आम्ही आर. के. पुरमला जमलो होतो. तात्याराव म्हणाले, "सबनीसबाई, एक विनंती आहे. त्या चौतीसच्या जागी बत्तीस लिहा."

"का?"

"जगभर जाणार. लोक काय म्हणतील? मराठी माणसाला पाढे येत नाहीत?"

बाबांनी जोरात मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं. गणित आहे हे."

"मुळीच नाही," आई म्हणाल्या. मी त्यांचा ऑफिसातला आवाज पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही चौतीस म्हणालात. चौतीसच राहणार. आपण धूळ पुसायची. माणूस बदलायचा नाही."

"अहो, पण चूक आहे ती!"

"असू दे. बर्फावर अनवाणी उभं राहून केलेली आहे. मला ती बत्तीसपेक्षा प्यारी आहे."

तात्याराव फुरंगटून खिडकीशी जाऊन उभे राहिले. उत्तरा त्यांच्यापाशी गेली. "अप्पा, मला त्याच चौतीसवरून कळलं ना, की हे तुम्ही आहात? बत्तीस म्हणाला असतात तर मी पराठा खाऊन घरी आले असते." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चहा ठेवलाय का कुणी?" आणि भांडण मिटलं.

मुलाखतीच्या आधी सिनेमा पुन्हा बघायचा होता. बाबा सवयीनं उठले, तेव्हा तात्यारावांनी त्यांचा हात धरला.

"कुठे चाललात?"

"मला ते... जरा..."

"बसा हो. घाबरायचं काय त्यात? तो मीच आहे."

आणि बाबा बसले. सबंध सिनेमाभर त्यांनी तात्यारावांचा हात सोडला नाही. दैत्य पडद्यावर आला की ते एकदा पडद्याकडे बघत, एकदा शेजारी बघत, आणि "हं, हं, ठीक आहे" असं स्वतःशीच म्हणत. आईंनी त्या दिवशी सिनेमा पाहिलाच नाही. त्या पूर्ण वेळ बाबांकडे बघत होत्या.

नवी आवृत्ती एप्रिलमध्ये आली. उत्तराच्या सोसायटीला कुठून तरी बातमी लागली, आणि क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी खास खेळ ठरला. हिंदी, पंजाबी, बंगाली, मल्याळी, झाडून सगळी मंडळी आली. खुर्च्या पुरल्या नाहीत. आईंनी पुढे उभं राहून हिंदीतून प्रस्तावना केली, ती जरा लांबली. दैत्यानं तोंड उघडलं तसं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लोक हसत सुटले, आणि सिनेमा संपल्यावर "अंकल, लाइव्ह! अंकल, लाइव्ह!" असा गजर सुरू झाला. तात्याराव काठी टेकत उठले. आढेवेढे घेतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी काही गर्जना केली, की क्लबहाउसच्या सिक्युरिटीवाल्यानं धावत येऊन दार उघडलं.

पुढच्या रांगेत शाळेच्या वयाची एक मुलगी बसली होती. ती उठून त्यांच्यापाशी आली, त्यांच्याकडे खालून वर नीट पाहिलं आणि विचारलं, "अंकल, आप मरे कब थे?"

"अरे बेटा, अभी कहाँ!" तात्याराव म्हणाले. "अभी तो काम मिलना शुरू हुआ है."

ते खोटं नव्हतं. उत्तराच्या ऑफिसातल्या एका पोरानं त्यांना भूत म्हणून आपल्या लघुपटात घेतलंय, संवादासकट. आईंनी पटकथा मागवून वाचली आणि ती पुरेशी भीतिदायक नाही असं कळवलं. आता दर रविवारी तिघंही, म्हणजे त्या, बाबा आणि तात्याराव, उत्तराच्या गॅलरीत बसून ती पुन्हा लिहितायत. परवा मी गेले तेव्हा बाबा सांगत होते, की विहिरीतून हात एकदम वर यायला नको, आधी नुसता बादलीचा आवाज यायला हवा. आई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "विलास, तू हे कुठून शिकलास?" बाबा बादलीचा आवाज काढून दाखवण्यात गुंतले होते.